ज्याच्यावर निबंध, तो सभागृहात हवा

शिकागोला लागून असलेल्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोनला लागणारी यंत्रसामग्री तिथे तयार व्हायची. १९२७ साली या कारखान्यातल्या पाच तरुणींना मोठ्या खात्यातून उचलून एका वेगळ्या खोलीत बसवलं गेलं. रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतले छोटे विजेचे स्विच, जोडणं हे त्यांचं काम, आणि सुटे भाग हाताशी आणून द्यायला एक सहावी. खोलीत बसलेला निरीक्षक सगळं टिपत राही. मधल्या सुट्ट्या दिल्या, त्या वाढवल्या, कामाचे तास कमी केले, मग पुन्हा पूर्ववत केले. उत्पादन चढत गेलं. त्यावरून एक सिद्धान्त जगभर पसरला, की कामगाराकडे कुणीतरी आपुलकीनं लक्ष देतंय एवढ्यानंसुद्धा त्याचा हात वेगानं चालू लागतो. व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हा धडा पाठ केला.

त्या खोलीत आणखीही दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली पगाराची. आधी या मुलींची तुकड्यावरची, म्हणजे केलेल्या नगांप्रमाणे मिळणारी, मजुरी शंभरेक जणींच्या खात्याच्या एकत्र उत्पादनावर ठरायची. नव्या खोलीत ती त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर ठरू लागली. हात भरभर चालवला तर वाढीव पैसा सरळ आपल्याच पाकिटात येणार, हे त्यांना पहिल्याच पगाराला कळलं असणार. दुसरी गोष्ट जानेवारी १९२८ मधली. पाचांपैकी दोघींना खोलीतून काढून परत पाठवण्यात आलं. फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, असा त्यांच्यावर ठपका होता. त्यांच्या जागी दोन नव्या मुली आणल्या आणि त्यानंतर उत्पादन जोमानं वाढलं. अ‍ॅलेक्स केरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९६७ साली या दोन्ही गोष्टी पुढे ओढून सिद्धान्ताला जाहीर आव्हान दिलं. आणि त्या खोलीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या आठवणी विचारणारा अभ्यास प्रसिद्ध झाला तो १९८३ साली. तोवर त्या आजीच्या वयाच्या झाल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात पैशाचा मुद्दा ठळकपणे आला.

अर्ध्या शतकाहून अधिक काळ! त्या मुलींवर ग्रंथ लिहिले गेले, व्याख्यानं झाली, परिसंवाद झाले. आणि "बाई, तुम्ही तेव्हा जास्त काम का केलंत?" हा साधा प्रश्न त्यांना नीट विचारायला म्हातारपण यावं लागलं. श्रमसंबंधांचे अभ्यासक दरवर्षी कुठल्यातरी शहरात जमतात, तीन-चार दिवस निबंध वाचतात, वाद घालतात आणि पांगतात. अशा संमेलनांचा विचार करताना मला दर वेळी हॉथॉर्नची ती खोली आठवते. माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल: ज्यांच्या कामावर अभ्यास झाला, त्यांना अभ्यास खोडून काढण्याच्या हक्कासह सभागृहात बसवलं नाही, तर या विषयातलं ज्ञान अर्धवट राहतं आणि पुष्कळदा चुकतं. त्यांना बोलावणं म्हणजे त्यांच्यावर उपकार करणं, असं मी समजत नाही. अभ्यास खरा ठरवायचा तर ती त्याची गरज आहे.

ही काही नवी कल्पना नाही. या विद्याशाखेचा जन्मच त्या समजुतीतून झाला. अमेरिकेत १९४७ साली 'इंडस्ट्रियल रिलेशन्स रिसर्च असोसिएशन' स्थापन झाली. काळ मोठा तापलेला होता. युद्ध संपलं होतं, वेतनावरची बंधनं सैल होत होती, महागाई वाढत होती. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ४६ लाख कामगार संपावर गेले होते. १९४७ मध्येच कामगार संघटनांच्या हक्कांना वेसण घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला. अशा वेळी श्रमाचा अभ्यास करणाऱ्यांनी आपली वेगळी संघटना काढली आणि दार उघडं ठेवलं: विद्यापीठातले प्राध्यापक, कामगार संघटनांचे लोक, व्यवस्थापनातले अधिकारी, सरकारी खात्यातली माणसं आणि लवाद म्हणून काम करणारे, सगळे एकाच छपराखाली. पहिलं वार्षिक अधिवेशन डिसेंबर १९४८ मध्ये क्लीव्हलँडला भरलं. अध्यक्ष होते विस्कॉन्सिन विद्यापीठाचे एडविन विटी.

विटी यांचं नाव महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा १९३४-३५ मधला मसुदा ज्या समितीनं घडवला, तिचे ते कार्यकारी संचालक होते. त्याहून आधी त्यांनी विस्कॉन्सिन राज्याच्या औद्योगिक आयोगात काम केलं होतं. त्या आयोगामागची कल्पना त्यांचे गुरू जॉन आर. कॉमन्स यांची. कारखान्यातल्या सुरक्षेचे नियम कार्यालयात बसलेल्या कारकुनानं लिहायचे नाहीत. मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींच्या समितीनं बसून ठरवायचे. यंत्राचा पट्टा कुठून सुटतो आणि बोट कुठे सापडतं, हे यंत्रावर उभा राहणारा सांगणार, आणि जाळी बसवायला काय खर्च येतो, ते मालक सांगणार. अशा बैठकांमधून आलेला माणूस जेव्हा अभ्यासकांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष होतो, तेव्हा ती संघटना फक्त निबंधवाचनासाठी निघालेली नसते.

शिवाय या पिढीतले बरेच जण युद्धकाळात 'नॅशनल वॉर लेबर बोर्डा'साठी राबले होते. जानेवारी १९४२ मध्ये नेमलेल्या या मंडळात बारा सदस्य होते: चार जनतेच्या वतीनं, चार मालकांचे, चार कामगारांचे. वेतनाचे आणि कराराचे तंटे इथे यायचे. तरुण अर्थशास्त्रज्ञांना तिथे पुस्तकातली मागणी-पुरवठ्याची रेघ आणि समोर बसलेला पोलाद कामगारांचा पुढारी, दोन्ही एकाच दिवशी पाहायला मिळायचे. या शाळेतून निघालेल्या जॉन डनलॉप यांनी १९५८ साली औद्योगिक संबंधांची एक सबंध चौकट मांडली. तिच्यात तीन पात्रं आहेत: कामगार आणि त्यांच्या संघटना, व्यवस्थापन, आणि सरकारी यंत्रणा. आज ती चौकट कुणाला जुनी वाटेल, पण ती मांडणारा माणूस तिन्ही पात्रांशी वर्षानुवर्षं बोललेला होता आणि पुढे १९७५ मध्ये अमेरिकेचा श्रममंत्रीही झाला.

त्याच्याही मागे गेलं तर लंडनच्या ईस्ट एंडमधली बिअ‍ॅट्रिस पॉटर दिसते. श्रीमंत घरातली ही मुलगी १८८८ साली वेष पालटून शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत शिरली आणि विजारी शिवू लागली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे तिनं अक्षरशः अंगावर घेतलं. पुढे सिडनी वेब यांच्याशी लग्न झाल्यावर दोघांनी मिळून कामगार संघटनांचा जो अभ्यास केला, त्यावर या विद्येचा पाया उभा आहे. 'सामूहिक वाटाघाटी' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग तिनंच रूढ केला. पण वेष पालटून शिरणाऱ्या अभ्यासकाची एक मर्यादा आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. काही दिवसांनी तो घरी परततो. ज्या बाईच्या शेजारी बसून बिअ‍ॅट्रिसनं विजारी शिवल्या, तिला त्या लेखात काय लिहिलंय यावर बोलायला कुणी बोलावलं नव्हतं. अभ्यासकानं कामगाराच्या जागी जाऊन बसणं चांगलंच आहे. कामगारानं अभ्यासकाच्या सभेत येऊन बसणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती अजून नीट घडलेली नाही.

अभ्यासकांच्या १९४७ सालच्या ज्या अमेरिकी संघटनेचा पाया असा मिश्र होता, तिचं नाव २००५ साली बदललं. 'इंडस्ट्रियल' हा शब्द गेला आणि ती 'लेबर अँड एम्प्लॉयमेंट रिलेशन्स असोसिएशन' झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६६ साली निघालेल्या अशाच संघटनेनंही २०१० मध्ये नाव बदललं. कारण उघड आहे. 'औद्योगिक' म्हटलं की डोळ्यांपुढे धुराडं येतं, आणि काम तर कधीच धुराड्याबाहेर पडलं होतं: इस्पितळात, कॉल सेंटरमध्ये, गोदामात, कुणाच्या तरी घरात, मोबाइलच्या पडद्यावर. अमेरिकेत १९८३ साली पगारदारांपैकी २०.१ टक्के लोक कामगार संघटनेचे सभासद होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ९.९ टक्क्यांवर आलं. खाजगी क्षेत्रात तर सहा टक्क्यांच्याही खाली.

नाव बदलणं योग्यच होतं. पण या आकड्यांचा संमेलनाच्या रचनेवर जो परिणाम होतो, त्याकडे कमी लक्ष जातं. संघटना दुबळ्या झाल्या की सभेला पाठवायला त्यांच्याकडे माणूसही उरत नाही आणि पैसाही. दुसऱ्या बाजूला विद्यापीठात बढती मिळते ती नामांकित नियतकालिकात छापून आल्यावर. संघटनेच्या कार्यकर्त्याशी केलेली दोन तासांची खडाजंगी कुठल्याच मूल्यमापनात धरली जात नाही. मग तरुण अभ्यासक स्वाभाविकपणे आपल्यासारख्याच दुसऱ्या अभ्यासकाला पटेल असं लिहितो. भाषा हळूहळू अवघड होत जाते. एखादा कामगार सभेला आलाच, तर पडद्यावरची कोष्टकं पाहून त्याला वाटतं की इथे आपल्याविषयी नव्हे, दुसऱ्याच कुणाविषयी चाललंय. यात कुणा एकाचा दोष नाही. पण म्हणून नुकसान कमी होत नाही.

नुकसान कसलं, ते एका उदाहरणानं सांगतो. दुकानं, उपाहारगृहं, गोदामं इथे तासावर काम करणाऱ्यांचा एक मोठा जाच आहे: पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता कामावर जायचं, हे आयत्या वेळी कळतं. त्यामुळे मूल कुणाकडे ठेवायचं ते ठरत नाही, संध्याकाळचा अभ्यासक्रम लावता येत नाही, दुसरी अर्धवेळ नोकरी धरता येत नाही. ज्यांना हे भोगावं लागतं, त्यांच्या बोलण्यात पगाराच्या बरोबरीनं हाच विषय असतो. श्रमाची मोठमोठी सर्वेक्षणं मात्र वर्षानुवर्षं 'आठवड्याला किती तास काम केलं' एवढंच विचारत राहिली. ते तास किती दिवस आधी कळले, हा रकाना नव्हता. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लँबर्ट यांच्यासारख्या, दुकानांच्या आत जाऊन काम पाहणाऱ्या अभ्यासकांनी हा विषय लावून धरला. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात तसे प्रश्न आले, तेव्हा २६ ते ३२ वयाच्या, तासावर काम करणाऱ्या तरुणांपैकी ४१ टक्क्यांना आपलं वेळापत्रक आठवडाभर किंवा त्याहून कमी वेळ आधी कळत असल्याचं २०१४ मध्ये पुढे आलं. एकदा आकडा हाती आल्यावर कायदे झाले. सिअ‍ॅटलमध्ये २०१७ पासून मोठ्या दुकानांना आणि खाद्यगृहांना चौदा दिवस आधी वेळापत्रक देणं बंधनकारक झालं. प्रश्न कळायला जेवढा उशीर झाला, तेवढ्या वर्षांचा जाच कुणीतरी सोसला. तो उशीर टाळता आला असता. आधी ऐकायला हवं होतं.

आता समोरून येणारा आक्षेप, आणि तो हलका नाही. अभ्यास तटस्थ हवा. संघटनावाला आपली बाजू मांडणार, मालक आपली. दोघांना व्यासपीठ दिलं की परिषदेचा आखाडा होणार. एका कामगाराचा अनुभव हा एकाचाच अनुभव असतो, त्यावरून नियम काढता येत नाही. जे खरं आहे ते आकड्यांतून शांतपणे बोलू द्यावं.

याला उत्तर म्हणून किमान वेतनावरचा वाद आठवून पाहा. न्यू जर्सी राज्यानं १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंट केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहांत वाढीआधी आणि नंतर फोन करून माहिती घेतली. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात, हे अर्थशास्त्रातलं जवळजवळ पाठच असलेलं वाक्य. त्यांना तसं काही आढळलं नाही. १९९४ मध्ये निबंध छापून आला आणि गदारोळ झाला. विरोधी बाजूच्या अभ्यासकांनी फोनऐवजी पगारपत्रकांच्या नोंदी वापरून उलटा निष्कर्ष काढला. त्यातल्या काही नोंदी उपाहारगृह उद्योगाशी जवळीक असलेल्या एका संस्थेमार्फत गोळा झाल्या होत्या. कार्ड आणि क्रूगर यांनी मग सरकारी नोंदी वापरून पुन्हा हिशेब केला. २००० साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही बाजू समोरासमोर छापल्या गेल्या. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल कार्ड यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. क्रूगर तोवर हयात नव्हते.

मला या वादात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, तटस्थ समजल्या जाणाऱ्या आकड्यांतही हितसंबंध होतेच. नोंदी कुणी दिल्या यावर निष्कर्ष वळत होता. हितसंबंध दाराबाहेर ठेवता येत नाहीत. फार तर ते लपतात, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्याची वेळ अभ्यासकावर येते. संघटनेचा माणूस 'मी संघटनेचा' म्हणून उघडपणे बोलतो, तेव्हा त्याचं म्हणणं तोलून घेता येतं. पायाशी कुणाचा पैसा आहे ते न सांगणाऱ्या कोष्टकाचं तसं करता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. ते ४१० फोन व्यवस्थापकांना गेले होते. काउंटरवर उभं राहणाऱ्याला, जिच्या तासाचा दर ८० सेंटनी वाढला तिला, कुणी विचारलं नाही: दर वाढल्यावर तुझे तास तेवढेच राहिले का, जेवणाची सवलत राहिली का, मागे उभं राहून घाई करणारा माणूस आणखी घाई करू लागला का? जेवणाच्या सवलतीविषयी अभ्यासकांनी व्यवस्थापकांना विचारलं होतं, हे त्यांच्या काटेकोरपणाचं लक्षण. पण उत्तर देणारा तोच, जो सवलत देतो किंवा काढतो. या निबंधाचा मला अतिशय आदर आहे, आणि म्हणूनच त्यातली ही मोकळी जागा मला दिसते.

हल्ली ही जागा आणखी रुंद झाली आहे. अ‍ॅपवर चालणाऱ्या कामाचा सगळा तपशील, कुणाला किती फेऱ्या मिळाल्या, रिकामा वेळ किती गेला, कुणाचं खातं कशामुळे बंद झालं, हे कंपनीच्या संगणकात असतं. अभ्यासकाला ती माहिती कंपनीनं दिली तरच मिळते. कंपनीचा नोकर आणि विद्यापीठाचा प्राध्यापक यांनी मिळून लिहिलेले निबंध निघाले आहेत. एका मोठ्या टॅक्सी-अ‍ॅप कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२२ मध्ये फुटली, तेव्हा काही अभ्यासकांना मोठ्या रकमा देऊन संशोधन करून घेतल्याचं उघड झालं. चालकाकडेही माहिती असते, फोनवर उमटलेली, वहीत लिहिलेली, गटात एकमेकांना पाठवलेली. ती तुटक असते हे खरं. पण ती आणि कंपनीची नोंद शेजारी ठेवली, तर दोन्हीतली खोट दिसते. ही तुलना जाहीरपणे करायला वार्षिक संमेलनाहून चांगली जागा कुठली?

तरीही कुणी म्हणेल, कामगाराचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे. त्याला मी ढाक्याजवळच्या सावरचं उदाहरण देईन. २३ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा या आठमजली इमारतीला तडे गेलेले कामगारांनी पाहिले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. कपडे शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पगार कापण्याची भीती घालून आत पाठवलं. इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची त्याआधी परदेशी खरेदीदारांच्या नियमांनुसार तपासणी झालेली होती. तपासणीच्या तक्त्यात तडा आला नाही, तो दिसला शिवणयंत्रावर बसणाऱ्यांना. त्यानंतर मे २०१३ मध्ये खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्यानं बांधणारा करार झाला. त्यात तपासणीचे अहवाल जाहीर करायचे, आणि धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला द्यायचा, असं ठरलं. तपासणी कशी असावी यावरचे अभ्यासकांचे निबंध त्याआधी वर्षानुवर्षं निघत होते, आणि त्यांतले काही खरोखर चांगले होते. पण तडा पाहणाऱ्याचं म्हणणं हा पुरावा मानायला एवढे मृत्यू व्हावे लागले, याची टोचणी आम्हा अभ्यासविषयावर प्रेम करणाऱ्यांना लागलीच पाहिजे.

इथे मला माझ्याच मुद्द्याची अडचण मांडली पाहिजे, नाहीतर तो फार सोपा होईल. 'कामगाराला बोलवा' म्हणताना कुठल्या? संघटनेचा पदाधिकारी हा सगळ्या कामगारांचा आवाज असतोच असं नाही. अमेरिकेतला १९३५ चा वॅग्नर कायदा संघटनेच्या हक्काची सनद मानला जातो. त्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना सरळ वगळलं होतं. त्या काळी दक्षिणेतल्या या कामांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येनं होते. कित्येक संघटनांनी स्वतःच कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारलं होतं. म्हणजे तीन खुर्च्या मांडल्या, मालकाची, कामगाराची, सरकारची, तरी चौथा माणूस दाराबाहेरच राहतो: ज्याची संघटना नाही, ज्याचा मालक कोण हेच स्पष्ट नाही, ज्याच्या कामाला काम म्हणायचं की नाही याचाच वाद आहे. जुन्या त्रिपक्षीय चौकटीच्या प्रेमात पडून आपण ही चूक पुन्हा करता कामा नये.

म्हणून मला जिनिव्हातल्या दोन घटना एकत्र आठवाव्याशा वाटतात. पहिली जून २०११ ची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करारनामा ३९६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. ६३ जण तटस्थ राहिले. निरनिराळ्या देशांतून आलेल्या घरकामगार स्त्रिया त्या चर्चेत हजर होत्या. त्यांचं आंतरराष्ट्रीय जाळं दोनच वर्षांपूर्वी उभं राहिलं होतं. त्यांच्या आग्रहातून 'बोलावलं की हजर' असा ताटकळत ठेवलेला वेळ कामाच्या तासांत धरायचा, दर आठवड्याला किमान सलग चोवीस तासांची सुट्टी द्यायची, असे मुद्दे ठसले. हा तपशील पुस्तक वाचून सुचत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुसरी घटना २०१३ ची, आणि ती वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. श्रमाची आकडेवारी गोळा करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद १९२३ पासून काही वर्षांच्या अंतरानं भरते. तिच्या एकोणिसाव्या बैठकीत 'काम' या शब्दाची व्याख्या बदलण्यात आली. पगार मिळो वा न मिळो, दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या वापरासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी कृती म्हणजे काम, असं ठरलं. घरात पाणी भरणं, आजाऱ्याची सेवा करणं, स्वयंपाक करणं हे सगळं 'काम' म्हणून मोजायचं. पाच वर्षांनी पुढच्या बैठकीत 'अवलंबित कंत्राटदार' असा नवा वर्ग आला, म्हणजे कागदावर स्वतंत्र, पण प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या दरावर आणि हुकमावर चालणारा. कोरड्या वाटणाऱ्या या ठरावांनी कोट्यवधी माणसं जगाच्या नोंदवहीत आली किंवा योग्य रकान्यात गेली. अभ्यासकांच्या सभेत शब्दाची व्याख्या ठरते, व्याख्येवरून आकडा येतो, आणि आकड्यावरून कायदा. एवढी ताकद ज्या सभांमध्ये आहे, तिथे कोण बसतं हा खाजगी प्रश्न राहत नाही.

मग करायचं काय? थोडं व्यवहारातलं बोलतो. संमेलनाचं शुल्क, प्रवास आणि हॉटेल मिळून जो खर्च येतो, तो विद्यापीठ प्राध्यापकाला परत देतं. तासावर काम करणाऱ्याचा तर त्या तीन दिवसांचा पगारही जातो. त्यामुळे 'सर्वांचं स्वागत आहे' असं छापून काही साधत नाही. शुल्क माफ करून, प्रवास देऊन, बुडालेल्या पगाराची भरपाई करून बोलवायला हवं, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात बीजभाषणाच्या मानधनाच्या आधी यायला हवी. निबंधाचा सारांश दोन पानांत, साध्या भाषेत, महिनाभर आधी पोचला पाहिजे. आयत्या वेळी पडद्यावरचं कोष्टक पाहून कुणीच बोलू शकत नाही, प्राध्यापकसुद्धा नाही. आणि निबंध वाचून झाल्यावर पहिलं बोलणं त्याचं असावं, जो ते काम करतो. शेवटच्या पाच मिनिटांत, लोक चहाला उठत असताना नव्हे.

कुणी म्हणेल, तो विषय सोडून बोलेल, स्वतःचीच कहाणी सांगत बसेल. बसू द्या. हॉथॉर्नच्या त्या दोघींना फार बोलतात म्हणून खोलीबाहेर काढलं होतं, आणि त्या काय बोलत होत्या ते समजून घ्यायचं राहून गेलं.

व्यवस्थापनाच्या लोकांनाही बोलवायलाच हवं, हे मी मुद्दाम सांगतो. कामगारांच्या बाजूनं मन झुकलेल्या माझ्यासारख्यांना ते जड जातं. पण वेळापत्रक आयत्या वेळी का बदलतं, हे त्या दुकानाच्या व्यवस्थापकाइतकं कुणाला ठाऊक नसतं. वरून आलेला विक्रीचा अंदाज, रोज बदलणारं मनुष्यबळाचं बजेट, आणि खाली आजारी पडलेली दोन माणसं, यांत तोही पिळला जातो. फ्रीमन आणि मेडॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की संघटना असली की माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण घटतं, कारण नाराजी बोलून दाखवायला जागा मिळते. ते वाचून एखादा व्यवस्थापक सभेत उठून 'आमच्याकडे असं का झालं नाही' हे सांगू लागला, तर तो निबंधाचा सगळ्यात उपयोगी वाचक ठरेल.

आणखी एक बाब. ज्या हॉटेलात परिषद भरते, तिथल्या खोल्या कुणीतरी साफ करतं, रात्री उशिरा खुर्च्या कुणीतरी लावतं. २००५ साली अमेरिकी इतिहासकारांच्या एका मोठ्या संघटनेनं आपलं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेला हलवलं, कारण सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल कामगारांचा तंटा चालू होता. शेवटच्या घडीला शहर बदलायचं म्हणजे पैसा जातो, लोक नाराज होतात. तरी त्यांनी ते केलं. श्रमाचा अभ्यास हाच ज्यांचा विषय, त्यांनी जागा ठरवताना तिथल्या कामगारांशी करार आहे का, हे आधी विचारायला हवं, आणि परिषदेच्या एका सत्रात त्या हॉटेलातल्या कुणाला, पूर्ण पगारी वेळ देऊन, बोलतं करायला हवं. माणूस एका मजल्यावर असतो आणि त्याच्यावरचा निबंध दुसऱ्या मजल्यावर वाचला जातो, हे मला सहन होत नाही.

पुढच्या वर्षीच्या निबंधांसाठी आवाहन निघेल तेव्हा त्यात विषयांची यादी असेल, शब्दमर्यादा असेल, शेवटची तारीख असेल. त्या अर्जात एक ओळ वाढवावी: ज्यांच्याविषयी हा निबंध आहे, त्यांच्यापैकी कुणाला तो वाचून दाखवला का, आणि ते काय म्हणाले. या ओळीला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. उत्तराची जागा कोरी राहिली, तर निवड करणाऱ्या समितीनं ती कोरी का राहिली एवढं विचारावं.